बांबूचा चिमटा

विहिरीला सुरुंग लावायच्या कामावरून आल्यापासून बब्रुवान हाकेला ओ देईना. दुष्काळाच्या त्या साली आपण तुळजापूरच्या महिला सोसायटीत टेपरेकॉर्डर जोडायला जातो, याचाच त्याला राग आलाय, असं केशरबाईला वाटे. तरी तिच्या खरबरीत बोटांनी चुरगळलेली, कागदासारखी चपटी वायर बघून त्यानं बांबू तासला आणि मऊ टोकाचा चिमटा करून दिला. त्या चिमट्यानं जोडलेला पहिला टेप ती हौसेनं घरी दाखवायला घेऊन आली.

"अवो, आता तरी राग सोडा," म्हणत तिनं बटण दाबलं. गाण्यानं घर दणाणलं. शेजारणी दारात जमल्या.

 

बब्रुवाननं टेपला कान लावला, तिच्या भरून आलेल्या डोळ्यांकडं बघितलं आणि म्हणाला, "रडू नगं गं. वायर तुटली असंल, म्हणून वाजंना."