थेट विमानाने अकरा तास

दोन विमानतळांमधलं हवाई अंतर : साडेआठ हजार किलोमीटर.

गळ्यात लोकरीचा मफलर. खाली अर्धी चड्डी.

जाड पडदा. पडद्याबाहेर भर दुपारचं ऊन.

जांभई. खोटी.

"इथे अजून उजाडलंही नाही गं," तो म्हणाला.

फोनच्या पडद्यावर आईचा चेहरा हलला. तिच्यामागून कुणीतरी सामानाची ट्रॉली ढकलत गेलं.

"झोपमोड केली का रे? बरं, ऐक. मी निघालेय तुझ्याकडे. विमानतळावर बसलेय. न्यायला ये म्हणजे झालं."

तो ताडकन उठला. "अगं, असं कसं? मला सुट्टी नाही. थंडी तर मरणाची..."

"स्वेटर घेतलाय. नाही जमलं तुला, तर येईन मी हुडकत. पत्ता आहे माझ्याकडे. चल, फोन बंद करायला सांगतायत."

पत्ता खरा होता. तिथे तो राहत नव्हता, एवढंच. चौथ्या महिन्यात कंपनीने त्याला काढलं. तो परत आला, पण घरी गेला नाही. बाबा गल्लीभर सांगत सुटले होते, आमचे चिरंजीव परदेशात. म्हणून याच शहराच्या दुसऱ्या टोकाला ही खोली. रोज दुपारी ही पहाट.

फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

आई उतरणार. बाहेर बर्फ. भाषेचा गंध नाही. ती परक्या दाराची बेल दाबणार. दाबतच राहणार.

चपला. जिना. टॅक्सी. सिग्नल. पुन्हा सिग्नल.

"अहो, काढा की मधून!"

"उडवत नेऊ का आता?" ड्रायव्हर म्हणाला.

विमानतळाच्या दारापाशी माणसंच माणसं, बॅगाच बॅगा. त्याने रांगेतला एकेक चेहरा पाहिला. आई रांगेत नव्हती. ती बाहेर बाकावर बसली होती, मांडीवर पर्स घेऊन.

"आई, जाऊ नकोस. मी... मी तिकडे नाहीये."

तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मफलरपाशी नजर थांबली.

"अकरा तास लागतात म्हणायचास," ती म्हणाली. "पाऊण तासात आलास की रे."

त्याला धाप लागली होती. "तुझं सामान? तिकीट?"

"साधा पासपोर्ट तरी आहे का माझ्याकडे, गाढवा? बस इथे."

तो उभाच राहिला. मग बसला. डोक्यावरून एक विमान गेलं. दोघांनीही वर पाहिलं नाही.

"बाबांना..."

"ते तुझं तू सांगायचं. मी शेजारी बसेन."

मागच्या महिन्यात, गालांना फेस लावून तो न्हाव्याच्या खुर्चीत डोळे मिटून पडला होता, तेव्हा दुकानाच्या काचेबाहेर आई बराच वेळ उभी होती.