ढालीमागचा माणूस

बाबांना जुनी नाणी हवी असायची, तीही लढाईचीच. कप्पा उघडला की झिजलेले घोडेस्वार आणि उगारलेल्या तलवारी. "माझ्या सवती, सगळ्या हत्यारं घेऊन आल्यात," आई म्हणायची.

त्यातल्या एका नाण्यावर त्यांचा फार जीव. एक स्वार भाला रोखून येतोय आणि समोरचा शिपाई ढालीमागे पुरता लपलाय. बाबा डावा डोळा मिटायचे, उजव्याला भिंग लावायचे आणि म्हणायचे, "याचं तोंड एकदा बघायला मिळायला हवं."

बाबा वारल्यापासून आईच ते नाणं घेऊन खिडकीशी बसते.

परवा तिने हाक मारली. "बघ गं, ढाल खाली आलीये." तिची समजूत काढायची म्हणून मी भिंगातून बघितलं. ढालीच्या वर कपाळ दिसत होतं.

काल भुवया दिसल्या. आईने कितीतरी महिन्यांनी केस नीट विंचरले, कानातलं घातलं.

आज ढाल गुडघ्यापर्यंत उतरली होती. मागचा माणूस डावा डोळा मिटून आमच्याकडे बघत होता. भाल्याचं टोक त्याच्या छातीपासून केसभर लांब होतं.

"आई, नाणं ठेव आत," मी कशीबशी म्हणाले. "त्यांना ढाल वर घेऊ दे."

तिने माझ्या हातातून भिंग ओढून घेतलं.

"थांब गं जरा. जन्मभर हे नाण्यांकडेच बघत बसले. आता कुठे माझ्याकडे बघतायत."