मापाची काडी

वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या पश्चात गुलमंडीवरचे आमचे चपलांचे दुकान मी काचेचे केले. गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी पावलांचे माप घेणारे यंत्रही आणले. पहिल्याच दिवशी करमाडचे मेंढपाळ सोनाजी दारात थबकले. दरवर्षीप्रमाणे पागोट्यातून त्यांनी पत्नीच्या पावलाएवढी मोडलेली तुरीची काडी काढली. “काडीचं माप मशीन घेत नाही, काका. काकूंनाच आणा,” नवा सेल्समन हसला. “मंग मेंढरं तुझं मशीन राखील व्हय? अण्णा व्हते तवर काडी चालायची,” म्हणत सोनाजी वळले. संकोच गिळून मी गल्ल्यामागून उठलो, काडी मागून घेतली, आणि अण्णांच्या गुडघ्यांनी गुळगुळीत केलेल्या फरशीवर बसून एकेका चपलेत ती ठेवून पाहिली. एक जोड जुळला. अण्णांचा नेहमीचा प्रश्न नकळत ओठांवर आला: “काकूंची टाच अजून दुखते का?” “डावी,” सोनाजी हळूच म्हणाले, आणि माझ्याशेजारी फरशीवर येऊन टेकले.