पासवर्ड वाचून दाखवला तेव्हा

प्राचीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू चार वाजता होता आणि घरच्या वाय-फायचा पासवर्ड अरुंधतीबाईंना काही केल्या आठवेना. नवीन पनवेलच्या या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच राहायच्या. भाची आज सकाळीच आली होती.

"मावशी, तुझा फोन जोडलेला आहे ना? मग त्यातच सापडेल," असं म्हणत प्राचीने सेटिंग उघडून दिलं. अरुंधतीबाईंनी बोट टेकवलं. चौकोनी कोड उमटला आणि त्याखाली इंग्रजी अक्षरांत लिहिलेला मराठी पासवर्ड आला.

तोंडातकेसआहे.

त्यांनी तो मोठ्याने वाचला आणि तोंड वाकडं केलं. "शी! काय घाणेरडं लिहिलंय हे!"

वाय-फाय मुलाने, सत्यजीतने जोडून दिलं होतं. त्यांनी त्याला पुण्याला फोन लावला.

"आई, मी तर तुझं माहेरचं नाव ठेवलं होतं," तो म्हणाला.

तरी प्राचीने तोच पासवर्ड टाकला आणि लॅपटॉप लगेच जोडला गेला. ती हसत आतल्या खोलीत गेली.

अरुंधतीबाईंच्या जिभेला काहीतरी लागलं. त्यांनी बोटं घालून ओढलं. केस होता, काळाभोर, लाळेने बुळबुळीत झालेला. त्यांचे स्वतःचे केस पांढरे आणि मानेपर्यंत कापलेले होते. वीतभर आला, हातभर आला, तरी संपेना. त्याला तुंबलेल्या मोरीचा वास येत होता. ओकारी दाबत त्यांनी तो बोटाला गुंडाळला आणि जोर लावला.

तेव्हा घशाच्या आतून कुणीतरी तो हळूच परत ओढला.