मशीन चावत नाही

पिंजरा चेहऱ्यावर उतरला आणि खटका लागला. हा पिंजरा मास्तरांनी आजवर असंख्य डोक्यांवर स्वहस्ते बसविला होता. परंतु त्याच्या आतून छत एवढे दूर दिसते, हे त्यांना ठाऊक नव्हते.

"फुगा उगाच दाबायचा नाही हां, मास्तर," चिमणीने त्यांच्या मुठीत रबरी फुगा कोंबीत बजावले. जीव फारच घाबरला तर तो दाबावयाचा, म्हणजे काचेपलीकडच्या खोलीत घंटी वाजते. बजावण्याचे ते वाक्यही मुळात मास्तरांचेच. या तपासणी केंद्रात एमआरआय चालविण्याचे काम तिला त्यांनीच शिकविले होते, आणि तिच्या किनऱ्या गळ्यावरून हे नावही त्यांनीच ठेवले होते.

फळी सरकत बोगद्यात शिरली. ठोके सुरू झाले. पत्र्याच्या पिंपात माणूस कोंडून बाहेरून कोणी हातोडे घालावेत, तद्वत ते ठोके होते.

गेले काही दिवस मास्तरांच्या डाव्या हातातून कपबशी निसटत होती. परवा तर पोटच्या मुलीला हाक मारावयास गेले आणि तिचे नावच ओठांवर येईना. डॉक्टरांनी डोक्याची तपासणी सांगितली. घरी त्यांनी अवाक्षर काढले नव्हते.

आत पडून रडणाऱ्यांना मास्तर दरडावीत, "रडू नका. मशीन चावत नाही." यालाच ते धीर देणे समजत. एका वृद्ध गृहस्थाने पुन्हा पुन्हा घंटी वाजविली, तेव्हा त्यांनी वैतागून त्याच्या हातातला फुगाच काढून घेतला होता. ती मूठ आज त्यांना आठवली. रिकामी झाली होती, तरी आवळलेलीच राहिली होती.

तथापि त्यांची खरी भीती बोगद्याची नव्हती. ती चिमणीच्या आवाजाची होती.

एरवी ती मिरचीसारखी तिखट. पण पडद्यावर काही वाईट दिसले की तिचा गळा गुळासारखा पाघळे. "झालंच हं काका, थोडंच राहिलं बरं का." मास्तर तिला चिडवीत, "चिमणे, तुझा गळा म्हणजे दवंडी. मला पडदा बघावाच लागत नाही. नुसतं ऐकलं की कळतं, बिचाऱ्याचं काहीतरी बिघडलंय." ती ओशाळे, आणि बाहेर जाऊन त्या माणसाचे जोडे उचलून त्याच्या पायांपुढे मांडून ठेवी.

ठोके थांबले. कानाशी खरखर झाली. तिने माईक उघडला होता.

मास्तरांनी श्वास रोखला. देवा, तिला ओरडू दे. बोलणी खाण्यासाठी एवढा आतुर झालेला मनुष्य जगात दुसरा नसेल.

खरखर चालूच राहिली. मूठ आपोआप फुग्यावर आवळली.

"मास्तर!" आवाज कडाडला. "वळवळता कशाला? जगाला शिकवता आणि स्वतःला दोन घटका गप्प पडवत नाही? मशीन चावत नाही!"

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहिले आणि कानांत गेले. पुसता येत नव्हते, आणि पुसावेसेही वाटत नव्हते. पुढचे ठोके त्यांना अंगाईसारखे वाटले.

पिंजरा निघाला. चिमणीचा तोफखाना चालूच होता. "उठा, पाहुणचार संपला! बाहेर रांग लागलीय."

"काही दिसलं का गं?"

"डॉक्टर सांगतील. मला काय विचारता? हा नियम तुमचाच ना?"

तिखट, अगदी मिरची. मास्तर हलक्या अंगाने बाहेर येऊन बाकावर टेकले. रात्री घरी ही फजिती रंगवून सांगावी, असे त्यांनी मनोमन ठरवूनही टाकले.

इतक्यात चिमणी वाकली. बाकाखालचे त्यांचे जोडे तिने ओढले, आणि त्यांच्या पायांपुढे नीट, टाचेला टाच लावून मांडले.

आवाजावरून मास्तरांनी तिला पुष्कळदा चिडविले होते. जोड्यांविषयी ते कधीच बोलले नव्हते. तिला स्वतःलाही ती सवय ठाऊक नसावी.

तळपायापासून बर्फ चढत यावा तशी भीती वर आली. मास्तर तिच्या वाकलेल्या मानेकडे पाहत राहिले. मान थरथरत होती. म्हणजे काचेपलीकडेही कोणी पिंजऱ्यात होते. आणि त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून त्या पोरीने इतका वेळ स्वतःचा गळा दाबून धरला होता.

"चिमणे!" मास्तर खेकसले. "जोडे काय मांडतेस? मी काय पेशंट आहे? जा, पुढच्याला आत घे. आणि घाबरला तर वाजवू दे त्याला घंटी, काही बिघडत नाही."

चिमणीने चमकून वर पाहिले. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ओढणीने नाक पुसून ती हसली. "तुमचा आवाज काही जन्मात सुधारायचा नाही," असे म्हणून ती आत गेली.

तो सुधारू नये म्हणून मास्तरांना अंगातले सारे बळ एकवटावे लागले होते, हे तिला कळले नाही.