रिकाम्या पोटी

दुर्बिणीची नळी घशातून आत घातली तशी लगेच बाहेर काढावी लागली. डॉ. हर्षालींनी हातमोजे उतरवले आणि दार उघडून सोमनाथला आत बोलावलं.

"आजींचं पोट भरलेलं आहे. रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगितलं होतं ना?"

सोमनाथचा चेहरा पडला. त्याने आईकडे पाहिलं. बयाबाई टेबलावर कुशीवर पडली होती, डोळ्यांत पाणी, हनुवटीवर लाळ. फवाऱ्याने घसा बधिर झालेला. तिने हातानेच नाही, नाही अशी खूण केली.

"खाल्लं असणार, मॅडम," सोमनाथ म्हणाला. "चोरून खाते ती. घरीसुद्धा हेच चालतं."

दार उघडंच होतं. बाहेर बाकांवर नंबरची वाट बघत बसलेल्यांच्या माना वळल्या. नर्सने हसू दाबलं.

तो काही मनाचं बोलत नव्हता. दिवाळीनंतर त्याने आईला नांदगावकडच्या गावाहून ओझरला, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आणलं, तेव्हापासून हे सुरू होतं. जेवायला बसली की दोन घासांत ताट सरकवायची. पोट भरलं म्हणायची. मग दिवसभर अन्नाला शिवायची नाही, आणि संध्याकाळी ओकली की त्यात भात. हा भात आला कुठून? सोमनाथने सरळ निष्कर्ष काढला. म्हातारी सगळ्यांदेखत खात नाही आणि पाठ वळली की खाते. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटावं, सून जेवू घालत नाही. त्याची बायको पूजा बिचारी रडकुंडीला आली होती. काल रात्री तर त्याने पोळ्यांचा डबा उचलून स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवला होता. तरी हिने काहीतरी मिळवलंच, आणि आज चारचौघांत आपली शोभा केली, असं त्याला वाटलं. आईची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

"आई, खरं सांग. खाल्लं ना?" त्याचा आवाज चढला. "मॅडमचा वेळ घालवू नको."

बयाबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग दाराबाहेरच्या माणसांकडे पाहिलं. पदराने तोंड पुसलं.

"खाल्लं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "उलीसं."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "पुढच्या आठवड्यात परत आणा. तोवर ॲसिडिटीच्या गोळ्या चालू ठेवा." त्यांनी दुर्बिणीचा पडदा त्याच्याकडे वळवला. "हे बघा, असं असल्यावर मला आतलं काय दिसणार? हा भात. आणि या बिया डाळिंबाच्या दिसतात."

सोमनाथ पडद्याकडे बघत राहिला.

डाळिंबं रविवारी आली होती. कारखान्यातल्या सटाण्याच्या दोस्ताने घरच्या बागेतली दिली होती. आईला दुसरं काही जात नाही म्हणून सोमनाथने स्वतः एक सोललं, दाणे वाटीत घातले आणि समोर बसून तिला खायला लावले. उरलेली पूजाने संध्याकाळीच शेजारी वाटून टाकली. त्यानंतर घरात डाळिंबाचं सालसुद्धा नव्हतं. आज बुधवार होता.

त्याला वैद्यकातलं काही कळत नव्हतं. पण रविवारचं अजून पोटातच आहे, म्हणजे भातही जुनाच, आईने काल रात्री काही खाल्लं नव्हतं, एवढं कळलं. मग एकेक उलटी आठवायला लागली, प्रत्येक वेळी आपण तिला काय काय बोललो तेही आठवायला लागलं.

गप्प बसलं तर कुणाला काही समजणार नव्हतं. तारीख घ्यायची, आईला रिक्षात बसवायचं, झालं. बोललं तर मघाच्या सगळ्या माना पुन्हा वळणार होत्या. नर्सने आईला टेबलावरून उतरवलं, पायांत चपला सरकवल्या. आई दारापर्यंत पोचली तरी तो पडद्यासमोरच उभा होता. धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं होतं. आईचं पोलकं अंगावर किती सैल झालंय, हे त्याने आत्ता पाहिलं.

"मॅडम, या बिया रविवारच्या आहेत," तो म्हणाला. बाहेरच्यांनाही ऐकू गेलं. "दाणे मीच दिले होते. काल रात्री तिने काहीच खाल्लेलं नाही. मी उगाच तिच्यावर आळ घेतला."

डॉक्टर लिहायच्या थांबल्या. "रविवारच्या? नक्की?"

त्याने सगळं सांगितलं. दोन घासांत भरणारं पोट, उलटीतला भात, वाळत चाललेलं अंग. काहीही लपवलं नाही, पोळ्यांचा डबासुद्धा नाही. डॉक्टरांनी आईला परत टेबलावर बसवलं आणि पोट दाबून, हलवून पाहिलं.

"जठराच्या खालचं तोंड आवळत आलंय," त्या म्हणाल्या. "अन्न पुढे सरकतच नाही, साचून राहतं. तेच उलटीतून पडतं. आता नाकातून नळी घालून पोट रिकामं करू, मग पुन्हा बघू. जुन्या अल्सरमुळे आहे की गाठ आहे, ते तेव्हाच कळेल. घरी न्यायचं नाही. आणखी आठवडा गेला असता तर अवघड होतं."

सोमनाथने मान डोलावली. त्याला आईकडे बघवत नव्हतं.

डॉक्टर स्टूल ओढून बयाबाईसमोर बसल्या. "आजी, तुम्ही तर उपाशी होता. मग खाल्लं असं का सांगितलंत?"

बयाबाईला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"मंग काय करू, बाई?" ती म्हणाली. "एवढ्या लोकांत पोरगा बोलून बसला व्हता. त्याला खोटा कसा पाडू?"