कंपनीचे टायर

मिस्त्रीने सायकलीचे दोन्ही टायर रिमवरून उतरवले आणि दुकानाच्या मालकाच्या नजरेला पडू नयेत म्हणून बाकाखाली सारले. त्यांच्या जागी पदरच्या पैशाने आणलेले चांगल्या रबराचे टायर चढवले.

तीन आठवड्यांपूर्वी ही कोरी रेसिंग सायकल त्यानेच एका नव्या गिऱ्हाईक बाईंच्या हाती दिली होती. दुसऱ्याच रविवारी ओल्या वळणावर ती घसरली आणि बाईंचं खांद्याजवळचं हाड मोडलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?" बायकोने सकाळी विचारलं होतं.

"सगळ्या मिस्त्र्यांना ठाऊक असतं. सांगाडा हलका, गिअर झकास आणि टायर लाकडासारखे कडक. कंपनी हात आखडते तो तिथंच. बडा घर, पोकळ वासा."

"मग बोलला का नाहीत? एरवी तर भिंतीशीसुद्धा गप्पा मारता."

"मालकाची ताकीद आहे. नव्या मालाला नावं ठेवायची नाहीत."

"मालकाचं तोंड मालकाला. तुमचं कुठं गेलं होतं?"

मिस्त्री न जेवताच दुकानात आला होता.

दुपारी बाई आल्या. हात गळ्यात अडकवलेला. मिस्त्रीने स्टूल पुढे केलं, पण त्या बसल्या नाहीत. सायकलीपाशी वाकल्या आणि अंगठ्याने टायर दाबून बघितला.

"हे माझे नाहीत."

मिस्त्रीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "बदललेत, ताई. पैसे नकोत."

"जुने कुठं आहेत?"

त्याने बाकाखालून काढून दाखवले.

"तेच परत बसवा."

पुरावा हवा असणार! उद्या तक्रार होईल, मालक हात वर करील आणि नोकरी जाईल ती आपली. जीभ आवरावी असं क्षणभर वाटलं. पण जीभ आवरूनच तर हे झालं होतं.

"आधी ऐका, ताई. हे टायर ओल्या रस्त्याला धरत नाहीत, हे सायकल देतानाच मला माहीत होतं. मालकाला बोल लावू नका. तोंड माझं होतं, ते मी मिटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालंय. तुमच्याकडे बघवत नाही."

बाईंनी मोकळ्या हाताने जुना टायर उचलून पाहिला. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"आणखी किती जण पडले?" त्यांनी हळूच विचारलं.

"माझ्या माहितीत चार. एक मास्तर अजून लंगडतात."

"चार? पत्रात तर तुम्ही दोनच जण लिहिले होते."

मिस्त्रीने पहिल्यांदाच मान वर केली. ते पत्र त्याने वर्षामागे कंपनीला धाडलं होतं, कोंबडीच्या पायांसारख्या आपल्या अक्षरात. उत्तर आलं नव्हतं. बायकोलाही त्याचा पत्ता नव्हता.

"कंपनीत माझ्याच टेबलावर आलं होतं," बाई म्हणाल्या. त्यांची मान आता खाली होती. "खोटं वाटलं, म्हणून स्वतः चालवून बघितली. हे कडक टायर कंपनीसाठी मीच निवडलेत, मिस्त्री."